स्पॅनिश क्रियापदे आणि अनेकवचने पुन्हा पुन्हा का चुकतात: मराठी विद्यार्थ्यासाठी तपासणीचा क्रम

पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वह्या मी गेली अकरा वर्षे तपासत आले आहे. विद्यार्थी बदलतात, पुस्तके बदलतात, पण पहिल्या सहा महिन्यांत होणारा बिघाड जवळजवळ तोच असतो: क्रियापदाचा प्रत्यय कर्त्याशी जुळत नाही आणि अनेकवचनाचा 'स' वाक्यात मध्येच कुठेतरी गळून पडतो. बहुतेकांना वाटते की आपले पाठांतर कमी पडते. म्हणून ते तोच तक्ता आणखी वीस वेळा लिहून काढतात आणि दोष जागच्या जागी राहतो. माझ्या अनुभवात पाठांतर हे कारण क्वचितच असते. विद्यार्थी मराठी वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि तेथून स्पॅनिशकडे वळतो, हे कारण त्याहून कितीतरी अधिक वेळा सापडते. कर्ता, लिंग आणि वचन यांची जी माहिती मराठी आणि स्पॅनिश दोन्ही भाषा शब्दाच्या शेवटी जपून ठेवतात, ती नेमकी इंग्रजीच्या मुक्कामावर हरवते. काही थोड्या ठिकाणी मात्र खुद्द मराठीच फसवते, आणि तीही ठिकाणे ओळखता येतात.

पुढे स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. स्पॅनिशमध्ये 'एच' हे रोमन अक्षर उच्चारले जात नाही आणि 'व्ही'चा उच्चार 'ब' होतो, म्हणून 'बोलणे' हा धातू 'आब्लार' असा आणि 'राहणे' हा 'बिबिर' असा लिहिला आहे.

लक्षणे

तक्ता विचारला तर विद्यार्थी 'आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान' असा न अडखळता म्हणतो, परंतु 'आम्ही मराठी बोलतो' एवढे वाक्य मागितले की थांबतो, किंवा 'आम्ही'साठी असलेले सर्वनाम म्हणून पुढे 'आब्लो' हे 'मी'चे रूप जोडतो. प्रत्येक वाक्य 'यो' म्हणजे 'मी' या शब्दाने सुरू होते. 'उस्तेद' या आदरार्थी सर्वनामापुढे 'आब्लास' येते. वडिलांविषयी बोलताना क्रियापद अनेकवचनी होते. 'पांढरी घरे' म्हणताना 'लास कासास ब्लांका' असे अर्धेच अनेकवचन होते, किंवा संख्या आली म्हणून 'त्रेस लिब्रो' असे एकवचनच राहते. 'आम्ही करू शकतो' याचे 'पुएदेमोस' होते. 'मला आंबे आवडतात' याचे 'यो गुस्तो मांगोस' होते. भूतकाळ सुरू झाल्यावर, तोवर नीट चाललेला विद्यार्थी अचानक एका मुलीबद्दलच्या वाक्यात अनेकांचे क्रियापद वापरतो.

शब्दच न आठवणे हे या बिघाडाचे लक्षण नव्हे. 'खिडकी'ला काय म्हणतात ते आठवत नसेल तर तो शब्दसंग्रहाचा प्रश्न आहे आणि त्याचा इलाज वाचन हा आहे.

तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात आणि एका वेळी एकच करावी. पहिल्या दोन पेन्सिलीने अर्ध्या तासात होतात, शेवटच्यांना काही आठवडे लागतात. अनेकांचा दोष तिसऱ्या तपासणीपर्यंतच सापडतो, त्यामुळे शेवटची तपासणी आधी करणाऱ्याचा वेळ वाया जातो.

पहिली तपासणी: तक्त्याच्या डाव्या बाजूला काय लिहिले आहे?

वही उघडून क्रियापदाच्या तक्त्यातील सर्वनामांचा रकाना पाहावा. तेथे 'आय, यू, ही, वुई, यू, दे' असे इंग्रजी अर्थ लिहिलेले असतील, तर दोष बहुधा येथूनच सुरू झाला आहे. इंग्रजीतील 'यू' हा एक शब्द स्पॅनिशमधील चार सर्वनामांवर पांघरूण घालतो: एकाशी जवळिकीने बोलताना 'तू', एकाशी आदराने 'उस्तेद', अनेकांशी 'उस्तेदेस', आणि केवळ स्पेनमध्ये अनेकांशी जवळिकीने 'बोसोत्रोस'. लॅटिन अमेरिकेत 'बोसोत्रोस' बोलण्यात वापरले जात नाही, त्यामुळे ज्याला मेक्सिको किंवा कोलंबियातील लोकांशीच काम पडणार आहे त्याने 'आब्लाइस' ही ओळ ओळखण्यापुरती ठेवावी आणि उरलेल्या पाच पक्क्या कराव्यात.

इंग्रजी अर्थ खोडून मराठी लिहावेत. 'तू' तर जसाच्या तसा आहे. दोन्ही भाषांत तोच शब्द, तीच जवळीक. 'आम्ही' आणि 'आपण' हा मराठीतील सुंदर भेद स्पॅनिशमध्ये नाही, दोघांसाठी एकच 'नोसोत्रोस' आहे, आणि गटात केवळ स्त्रिया असतील तर 'नोसोत्रास'. क्रियापद मात्र बदलत नाही.

'उस्तेद'पाशी थोडे थांबावे लागते, कारण येथे मराठीची सवय आड येते. 'उस्तेद' हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे साधारण 'आपली कृपा' या जुन्या संबोधनाचा झिजून राहिलेला अवशेष आहे. समोरच्याला त्याच्या कृपेच्या नावाने संबोधले जात असे, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी लागते: 'उस्तेद आब्ला'. आपणही समोर बसलेल्या साहेबांनाच 'साहेब चहा घेणार का?' असे विचारतो, तेव्हा हीच वाट धरतो. फरक इतकाच की मराठीत आदर अनेकवचनाने दाखवला जातो आणि स्पॅनिशमध्ये पुरुष बदलून. 'माझे वडील बँकेत काम करतात' याचे 'मि पाद्रे त्राबाखान' असे भाषांतर मी असंख्य वह्यांत पाहिले आहे. वडील एकच आहेत, म्हणून 'मि पाद्रे त्राबाखा'. आजी, गुरुजी, डॉक्टर, सर्वांना स्पॅनिशमध्ये एकवचनच लावावे; त्यात अनादर नाही. हा दोष एकदा समजला की बहुतेकांचा आठवड्याभरात जातो.

दुसरी तपासणी: पेन्सिल घेऊन 'स' मोजणे

स्वतः लिहिलेला दहा ओळींचा मजकूर घ्यावा. प्रत्येक अनेकवचनी नामाखाली रेघ ओढावी आणि त्याच्या आधीचे उपपद ('ला', 'लास' यांसारखा नामाआधी येणारा छोटा शब्द) व त्याचे विशेषण यांना ती रेघ जोडत न्यावी. जोडलेल्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी अनेकवचनाची खूण आहे का, एवढेच पाहायचे. 'ला कासा ब्लांका' म्हणजे पांढरे घर, 'लास कासास ब्लांकास' म्हणजे पांढरी घरे: तीन शब्द, तीन 'स'.

इंग्रजीत विशेषण कधीच बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीमार्गे आलेल्या विद्यार्थ्याला विशेषणाचा 'स' दिसत नाही. वास्तविक मराठी माणसाला हे शिकवावे लागू नये. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मुलगे, चांगल्या मुली' ही साखळी आपण तिसऱ्या वर्षापासून न चुकता म्हणतो. 'माझ्या दोन्ही नव्या साड्या' म्हणताना एकही शब्द मागे राहत नाही. हीच जाणीव स्पॅनिशकडे वळवायची आहे. फक्त एक सावधगिरी ठेवावी: मराठीत 'सुंदर', 'लाल', 'हुशार' ही विशेषणे अजिबात बदलत नाहीत, तर स्पॅनिशमध्ये लिंगाने न बदलणारी विशेषणेसुद्धा वचनाने बदलतात. 'बेर्दे' म्हणजे हिरवा, हिरवी. परंतु अनेकवचनात 'बेर्देस' व्हायलाच हवे.

संख्येनंतर 'स' गळणे हा दोष आपण मराठीतूनच आणतो. 'तीन लाडू', 'चार दगड', 'पाच पेन' असे म्हणताना नाम बदलत नाही, त्यामुळे 'त्रेस लिब्रो' कानाला खटकत नाही. स्पॅनिशमध्ये दोनपासून पुढे नाम अनेकवचनी असते, संख्या कितीही स्पष्ट असो. आपल्या 'लाडू'सारखे न बदलणारे शब्द तिकडे थोडे आहेत, आणि तेही नियमाने: ज्यांच्या शेवटी आधीच 'स' आहे आणि आघात, म्हणजे उच्चारातील जोर, शेवटच्या अक्षरावर नाही, ते तसेच राहतात. 'एल लुनेस' म्हणजे सोमवार आणि 'लोस लुनेस' म्हणजे दर सोमवारी. 'ला क्रिसिस' आणि 'लास क्रिसिस'. उपपदच वचन सांगते. 'मेस' म्हणजे महिना या शब्दात एकच अक्षर असल्याने आघात त्याच्यावरच आहे, म्हणून तेथे 'मेसेस' होते.

नियम थोडक्यात असा: स्वरान्त शब्दाला 'स', व्यंजनान्त शब्दाला 'एस'. 'लिब्रो, लिब्रोस', 'फ्लोर, फ्लोरेस', 'सिउदाद, सिउदादेस', 'रेय, रेयेस'. विद्यार्थी घाबरतात ते लेखनातील बदलांना. त्यांच्यासाठी मी देवनागरीची चाचणी सुचवते. पेन्सिल म्हणजे 'लापिस', अनेकवचन 'लापिसेस'. देवनागरीत पाहिले तर शब्द पूर्ण नियमित आहे; रोमन लिपीत तेवढे एकवचनातील 'झेड'च्या जागी अनेकवचनात 'सी' येते, कारण स्पॅनिश लेखनात 'ई'च्या आधी सहसा 'झेड' लिहीत नाहीत. 'लुस, लुसेस' म्हणजे दिवा, दिवे, आणि 'पेस, पेसेस' म्हणजे मासा, मासे, हेही तसेच. हीच चाचणी क्रियापदांना लागू पडते. 'बुस्को' म्हणजे मी शोधतो आणि 'बुस्के' म्हणजे मी शोधले. रोमन लेखनात 'सी' जाऊन 'क्यू-यू' येते आणि विद्यार्थी त्याला अनियमित क्रियापदांच्या यादीत टाकतो, पण कानाला काहीच अनियमित झालेले नसते. देवनागरीत नियमित दिसणारे रूप पाठ करण्याची गरज नाही, फक्त त्याचे लेखन लक्षात ठेवावे. ही चाचणी तपासणीपुरतीच ठेवावी, वही देवनागरीत लिहू नये. त्याचे कारण आघाताच्या तपासणीत येईल.

मालकी दाखवणाऱ्या शब्दांकडेही याच वेळी पाहावे. 'सु' आणि 'सुस' यांतील 'स' मालक किती आहेत हे सांगत नाही, वस्तू किती आहेत हे सांगतो. 'त्याचे पुस्तक, त्याची पुस्तके' या मराठी जोडीत जे घडते तेच 'सु लिब्रो, सुस लिब्रोस' यात घडते. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी 'सुस' म्हणजे 'त्यांचे' असे समजतो आणि मग महिनोन्महिने चुकतो.

ज्यांच्या घरी पोर्तुगीज जाणणारे कोणी आहे, विशेषतः गोव्यातील विद्यार्थी, त्यांनी 'ल' शेवटी असलेले शब्द वेगळे तपासावेत. कागदासाठी दोन्ही भाषांत 'पापेल' आहे, परंतु पोर्तुगीजमध्ये अनेकवचनात तो 'ल' लोपतो आणि स्पॅनिशमध्ये तो टिकून 'पापेलेस' होते.

तिसरी तपासणी: फासा टाकून रूप सांगणे

लुडोचा एक फासा आणि कागदाच्या दहा चिठ्ठ्या एवढेच साहित्य लागते. चिठ्ठ्यांवर दहा नियमित धातू लिहावेत आणि फाशावरील सहा अंकांना सहा पुरुष-वचने वाटून द्यावीत. चिठ्ठी उचलावी, फासा टाकावा, आणि तीन सेकंदांत त्या पुरुषाचे रूप मोठ्याने म्हणावे. वीस डावांत सोळा बरोबर आले तर हा भाग ठीक आहे.

तक्ता येणे आणि रूप येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ही तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानते. ज्याने पाढे केवळ ओळीने म्हटले आहेत त्याला 'सात आठे' विचारले की तो मनात 'सात एके'पासून सुरुवात करतो. तक्त्याचे तसेच होते: प्रत्येक रूप आधीच्या रूपाच्या आधाराने उभे असते, आणि बोलताना तो आधार मिळत नाही. पुन्हा तक्ता लिहिल्याने ओळ आणखी घट्ट होते, रूप सुटे होत नाही. रोज दहा मिनिटे फासा टाकावा. तीन आठवडे पुरतात.

सुरुवातीच्या चिठ्ठ्यांत 'पागार' हा धातू मी आवर्जून घालते. त्याचा अर्थ पैसे देणे. पोर्तुगीजमध्येही हाच धातू आहे आणि मराठीतील 'पगार' तेथूनच आला. 'पागो, पागास, पागा, पागामोस, पागाइस, पागान': हा धातू कोणी विसरलेला मी पाहिला नाही. त्याच्या जोडीला 'एर' गटातील 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'इर' गटातील 'बिबिर' घ्यावा. या दोन गटांत वर्तमानकाळात फक्त 'नोसोत्रोस' आणि 'बोसोत्रोस' यांची रूपे वेगळी आहेत, 'कोमेमोस' पण 'बिबिमोस', 'कोमेइस' पण 'बिबीस'. बाकीचे प्रत्यय सारखेच आहेत. म्हणजे तीन तक्ते नव्हेत, दोन तक्ते आणि दोन अपवाद.

फाशाचा खेळ जमू लागला की सर्वनाम म्हणणे बंद करावे. 'कुठे जातेस?' या मराठी प्रश्नात 'तू' लागत नाही, कारण 'जातेस'मध्ये तो आहेच. 'आदोन्दे बास?' या स्पॅनिश प्रश्नातही तसेच आहे. प्रत्येक वाक्यात 'यो' म्हणणारा विद्यार्थी प्रत्ययावर विसंबत नाही, आणि ज्यावर आपण विसंबत नाही त्याकडे कानही लक्ष देत नाही. मराठी प्रत्यय कर्त्याचे लिंगही सांगतो, 'जातो' की 'जाते'. स्पॅनिश क्रियापद ते सांगत नाही, 'बोय' हे दोघांचे एकच रूप. लिंग विशेषणात दिसते: 'मी दमलो आहे' हे 'एस्तोय कान्सादो' आणि 'मी दमले आहे' हे 'एस्तोय कान्सादा'. पुरुषाच्या आवाजातील ध्वनिफितीवर सराव करणाऱ्या मुलींनी हे एकदा तपासावे. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी 'कान्सादो' म्हणत राहतात.

चौथी तपासणी: नामाला उपपद जोडलेले आहे का?

वहीतील शब्दसूची पाहावी. 'मेसा म्हणजे टेबल' असे लिहिले असेल तर ती नोंद अपुरी आहे. 'ला मेसा' असे हवे. मराठीत तीन लिंगे आणि स्पॅनिशमध्ये दोन असल्यामुळे आपल्या सगळ्या नपुंसकलिंगी वस्तू तेथे नव्या घरी जातात: पुस्तक पुल्लिंगी होते, घर, टेबल आणि पाणी स्त्रीलिंगी होतात. शिवाय 'आंबा, घोडा, रस्ता' यांमुळे आपल्या कानाला आकारान्त शब्द पुल्लिंगी वाटतो, आणि स्पॅनिशमध्ये आकारान्त शब्द बहुधा स्त्रीलिंगी असतो. हा उलटेपणा कोणी बोलून दाखवत नाही, पण तो नवशिक्याच्या चुकांत स्पष्ट दिसतो. 'एल दिया', 'एल मापा', 'एल प्रोब्लेमा' हे आकारान्त असूनही पुल्लिंगी, आणि 'ला मानो' म्हणजे हात हा ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी. एवढे चार आधी पक्के करावेत. मिश्र गटासाठी आपण नपुंसकलिंगी 'मुले' वापरतो, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी 'लोस निन्योस' वापरतात.

पाचवी तपासणी: आघात ऐकू येतो का?

'आब्लो' हा शब्द दोन प्रकारे म्हणावा. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ 'मी बोलतो', शेवटच्या अक्षरावर दिला तर 'तो बोलला'. रोमन लेखनात दुसऱ्या रूपाच्या शेवटच्या 'ओ'वर तिरकी रेघ असते, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. वही देवनागरीत ठेवू नये ती यासाठीच. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्ष देत नाही. विद्यार्थ्याने स्वतःचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून, प्रत्येक रूपाच्या जोरदार अक्षरावर टाळी वाजवत तो ऐकावा. लेखनातील रेघा 'उगाच' गाळणाऱ्यांना मी ही जोडी दाखवते, आणि मग त्या गाळल्या जात नाहीत. अनेकवचनातही आघात आपली जागा धरून राहतो: 'कान्सियोन' म्हणजे गाणे, त्याच्या शेवटच्या 'ओ'वर रेघ आहे, 'कान्सियोनेस' झाल्यावर रेघ जाते, कारण आता नियमानेच जोर तेथे पडतो.

ऐकताना अनेकवचन सुटत असेल तर कानाला दोष देऊ नये. दक्षिण स्पेन, कॅरिबियन बेटे आणि चिली येथील बोलण्यात शेवटचा 'स' हलका होत श्वासासारखा उरतो किंवा नाहीसा होतो. अशा वेळी 'एल' ऐकू आले की 'स' गळालेल्या 'लोस'चे 'लो', आणि क्रियापदाच्या शेवटी 'न' आहे की नाही, यावरून वचन ओळखावे.

सहावी तपासणी: मुळातला स्वर बदलणारी क्रियापदे

'पोदेर' म्हणजे शकणे. 'पुएदो, पुएदेस, पुएदे', परंतु 'पोदेमोस'. 'केरेर' म्हणजे इच्छिणे: 'किएरो', परंतु 'केरेमोस'. 'पेदिर' म्हणजे मागणे: 'पिदो', परंतु 'पेदिमोस'. विद्यार्थी ही यादी अपवाद म्हणून पाठ करतो आणि 'पुएदेमोस' म्हणून मोकळा होतो. यामागचे कारण पाचव्या तपासणीत दडलेले आहे: जोर मुळातल्या स्वरावर पडतो तेव्हाच तो स्वर बदलतो. 'नोसोत्रोस' आणि 'बोसोत्रोस' यांच्या रूपांत जोर प्रत्ययाकडे सरकतो आणि मुळातला स्वर निवांत राहतो.

मराठी शुद्धलेखन शिकलेल्याला हे परके वाटू नये. 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व. 'दूध' पण 'दुधात'. 'वीट' पण 'विटेवर'. प्रत्यय लागला, स्वर उपान्त्य जागेवरून मागे पडला, आणि त्याची लांबी गेली. कारणे सारखी नाहीत, पण शब्दाचा तोल सरकला की मुळातला स्वर बदलतो ही जाणीव तीच आहे. 'फूल, फुलाला' म्हणून 'पुएदो, पोदेमोस' म्हणायला लावल्यावर एका विद्यार्थ्याचा महिनाभराचा दोष एका तासात गेला. तो तास मला अजून आठवतो, कारण त्याला मी आधी चार वेळा तक्ता लिहायला लावला होता, आणि ती माझी चूक होती.

फक्त 'मी'च्या रूपात 'गो' येणारी क्रियापदे, 'तेन्गो, पोन्गो, साल्गो, आगो', ही मात्र पाठच करावी लागतात. 'सोय, बोय, दोय, एस्तोय' हेही. त्यांना तर्काने शोधू नये.

सातवी तपासणी: वाक्य मराठीतून थेट नेऊन पाहणे

'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' हे वाक्य थेट नेले तर 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस' असे होते. शब्दाला शब्द, प्रत्ययाला प्रत्यय. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्या वचनाने चालते, आणि ज्याला आवडते तो 'मला'त असतो. जगभरातील इंग्रजी भाषकांना हे महिनोन्महिने छळते, आणि मराठी विद्यार्थी केवळ इंग्रजीमार्गे गेल्याने 'यो गुस्तो' म्हणतो, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

मराठी फसवते अशी दोन ठिकाणे येथे लक्षात ठेवावीत. 'आहे' आणि 'आहेत' हा फरक अस्तित्व सांगणाऱ्या 'आय' या स्पॅनिश रूपात नाही: 'आय उन लिब्रो' आणि 'आय त्रेस लिब्रोस', दोन्हीकडे 'आय'. आणि 'लोक म्हणतात' अनेकवचनी असले तरी 'ला खेन्ते दिसे' एकवचनी आहे.

आठवी तपासणी: भूतकाळात कर्ता हरवतो का?

सर्वांत खोल दोष येथे असतो, आणि तो पूर्णपणे मराठीचा आहे. 'तिने आंबा खाल्ला, तिने पोळी खाल्ली, तिने दोन आंबे खाल्ले' या कर्मणी प्रयोगात क्रियापद खाल्लेल्या वस्तूबरोबर चालते. स्पॅनिश भूतकाळ नेहमी कर्त्याबरोबरच चालतो: 'कोमियो दोस मांगोस'. विद्यार्थी मात्र दोन आंब्यांना पाहून 'कोमिएरोन' म्हणतो, ज्याचा अर्थ 'त्यांनी खाल्ले' असा होतो. आवडण्याच्या वाक्यात उपयोगी पडलेली तीच मराठी सवय येथे घात करते.

उपाय असा: लिहिण्याआधी वाक्य मनात वर्तमानकाळात न्यावे. 'ती दोन आंबे खाते.' येथे मराठीतही क्रियापद कर्त्याकडेच येते. कर्ता सापडला, एकवचन ठरले, की मग भूतकाळाचा प्रत्यय लावावा. हा वळसा दोन-तीन आठवडे जाणीवपूर्वक घ्यावा लागतो. 'मी आंबे खाल्ले आहेत' यासाठी 'ए कोमिदो मांगोस' म्हणताना 'कोमिदो' बदलत नाही, आणि 'खिडक्या उघड्या आहेत' म्हणताना मात्र 'लास बेन्तानास एस्तान आबियेर्तास' असे सगळे जुळवावे लागते. 'आब्लामोस' आणि 'बिबिमोस' ही रूपे वर्तमानात आणि साध्या भूतकाळात सारखीच असतात. तो दोष नव्हे, संदर्भावरून काळ ठरतो.

कोठे थांबून शिक्षकाकडे जावे

तीन आठवडे रोज फासा टाकूनही वीसपैकी सोळा डाव साधत नसतील, तर घरी आणखी प्रयत्न करू नयेत. चूक नेमकी कोठे होते हे बाहेरून पाहणारा माणूस हवा. टाळी वाजवूनही 'आब्लो'ची दोन रूपे वेगळी ऐकू येत नसतील, तर ध्वनिफिती वाढवून काही होत नाही. समोर बसून उच्चार दुरुस्त करणारा शिक्षक लागतो. साधा भूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ यांतील निवड, आणि 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' अशा वाक्यातील इच्छार्थी रूपे, ही तक्त्याची कामे नाहीत. ती मी कोणालाही एकट्याने दुरुस्त करायला सांगत नाही, कारण येथे एकट्याने घट्ट केलेली चूक नंतर सोडवायला दुप्पट वेळ लागतो. इन्स्तितुतो सेर्बान्तेस या संस्थेच्या 'देले' या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी, पातळी ए१ म्हणजे सुरुवातीची असो वा त्यावरची, अर्ज भरण्याआधी आपले लेखन जाणकाराकडून तपासून घ्यावे. आणि ज्याला मराठी वाचतानाही अक्षरांची अदलाबदल होते, त्याने प्रथम वाचनदोष तपासणाऱ्या तज्ज्ञाला भेटावे.

शिक्षक निवडताना पहिल्याच भेटीत पाच मिनिटे बोलून दाखवावे आणि ते काय टिपून घेतात ते पाहावे. नवा तक्ता हातात देणाऱ्यापेक्षा आपली तीन वाक्ये जशीच्या तशी लिहून घेणारा शिक्षक निवडावा. जाताना वही न्यावी आणि तीत चुका चार रकान्यांत आधीच वाटून ठेवाव्यात: पुरुष, वचन, आघात, मुळातला स्वर. ज्या रकान्यात सर्वाधिक नोंदी असतील, तेथूनच शिकवायला सुरुवात करावी अशी विनंती त्यांना करावी.